जुगाराचा नाद आणि सरकार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावात व्यसनी माणसांच्या घरच्यांसाठी आम्ही काही जण दर शनिवारी एका खोलीत बसतो. पूर्वी येणारी बाई दारूबद्दल बोलायची. आता बऱ्याच जणी पिशवीतून बँकेचं स्टेटमेंट काढतात. त्या खोलीत पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केलेत. काही प्रश्न कायद्याचे आहेत, काही घरातले, आणि काही नुसते वैतागाचे. उत्तरांमध्ये माझी मतंही आहेत, ती लपवलेली नाहीत.

बंदी आली ना? मग आता प्रश्न कसला उरला?

२१ ऑगस्ट २०२५ ला संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि दुसऱ्या दिवशी त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ त्यात बंद झाले, मग खेळात डोकं लागो की नशीब. रमीच्या आणि फँटसी क्रिकेटच्या मोठ्या कंपन्यांनी काही दिवसांतच पैशाचे खेळ थांबवले. क्रिकेट संघाच्या जर्सीवरून ड्रीम इलेव्हनचं नाव उतरलं.

त्या आठवड्यात आमच्याकडे येणारी एक बाई म्हणाली, "सुटलो बाई एकदाचे." दिवाळीच्या आधी ती परत आली. नवऱ्याने 'आयडी' घेतला होता. हा शब्द ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्रामवर कुणालातरी पैसे पाठवायचे, तो समोरून युजरनेम आणि पासवर्ड देतो. साइट परदेशातली असते. पैसे जातात ते भलत्याच माणसाच्या, बहुतेक वेळा भाड्याने घेतलेल्या बँक खात्यात. जुन्या अ‍ॅपवर निदान केवायसी होतं, कर कापला जायचा, तक्रार करायला ईमेल होता. आयडीवाल्याकडे नुसता डीपी असतो, तोही देवाचा.

म्हणून बंदी वाया गेली असं मी म्हणणार नाही. जाहिराती गेल्या, नवीन पोरं सहज अडकायची थांबली, हे मोठं काम झालं. पण ज्याला आधीच लागलंय त्याचं काय? कंपनीला किती वर्षं शिक्षा, जाहिरात करणाऱ्याला किती दंड, हे कायद्यात तपशिलाने आहे. हरलेल्या माणसाच्या उपचाराला पैसा कुठून यायचा, याबद्दल त्यात काही नाही. दुकानाला कुलूप लागलं आणि गिऱ्हाईक तसंच आजारी राहिलं.

गणपतीच्या जागरणाला आम्हीही पत्ते खेळतो. मग आम्हीही व्यसनी का?

नाही. सकाळी आरतीला उठून डाव मोडता येत असेल, तर तुम्ही खेळाडू. ज्याला मोडता येत नाही तो आजारी, आणि हे मी रागाने म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचा विकार स्वतंत्रपणे नोंदलेला आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी २०१३ मध्ये तो दारू आणि ड्रग्जच्या व्यसनांच्या गटात आणला. त्यांच्या नऊ लक्षणांपैकी चार वर्षभरात दिसली, तर निदान होतं.

नऊच्या नऊ पाठ करायची गरज नाही. घरच्यांनी एकच गोष्ट बघावी: हरल्यावर तो काय करतो. धडधाकट माणूस हरला की वैतागून उठतो. आजारी माणूस हरलेलं काढायला बसतो. शनिवारी हातात आलेल्या एका स्टेटमेंटवर रात्री १ वाजून ४७ मिनिटांनी ५०० रुपये, १ वाजून ५२ ला ५००, १ वाजून ५८ ला १,०००, २ वाजून ३ ला २,०००, मग ४,०००. त्यानंतर दहा मिनिटं काहीच नाही, आणि मग एका कर्जाच्या अ‍ॅपकडून जमा ७,२००. मग परत ४,०००. डॉक्टर याला भारदस्त नाव देतील. आमच्याकडे 'वसुली' म्हणतात.

खोटं बोलणं, पैसे कुठे गेले हे लपवणं, जवळ रक्कम नसली की चिडचिड, हे सगळं त्यामागून येतं.

स्वतःच्या पैशाने खेळतो. सरकारने मध्ये का पडावं?

पहिली गोष्ट, तो फार दिवस स्वतःच्या पैशाने खेळत नाही. बायकोचं गंठण, भिशीचा नंबर, दुधाचं बिल, पतसंस्थेतली आईची ठेव, अशा क्रमाने ते पुढे जातं. एका जुगाऱ्यामागे सरासरी सहा माणसं भरडली जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या अनुभवात एकत्र कुटुंब असेल तर आकडा वाढतोच.

दुसरी गोष्ट धंद्याची आहे. याच संघटनेच्या अंदाजाने जगातल्या प्रौढांपैकी १.२ टक्के लोकांना हा विकार आहे, पण जुगाराच्या धंद्याची सुमारे ६० टक्के कमाई हानी होईल इतकं खेळणाऱ्यांकडून येते. म्हणजे मजा म्हणून शंभर रुपये लावणाऱ्यांवर हा धंदा चालत नाही. उठू न शकणाऱ्या थोड्या माणसांवर तो उभा आहे. एखाद्या धंद्याचा नफाच आजारावर अवलंबून असेल, तर 'ज्याची त्याची मर्जी' म्हणून सरकारला हात झटकता येत नाहीत.

जुगाराचा कायदा केंद्राचा की राज्याचा?

दोन्हींचा, आणि त्यामुळेच गोंधळ आहे. राज्यघटनेत सट्टा आणि जुगार हा विषय राज्यांच्या यादीत ३४ व्या नोंदीत येतो. महाराष्ट्रात अजून १८८७ चा महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा चालतो. पेपरात 'कलम १२ (अ) प्रमाणे गुन्हा दाखल' असं वाचता, तो हाच. त्या बातम्या नीट वाचून बघा. रोख १,१४० रुपये, आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या आणि एक बॉलपेन असा मुद्देमाल जप्त. बॉलपेनची किंमतही पाच रुपये लिहिलेली असते.

या जुन्या कायद्यातून निव्वळ कौशल्याचे खेळ वगळलेले आहेत. सुप्रीम कोर्टाने १९५७ च्या चमारबागवाला खटल्यात जुगार हा व्यापारच नाही असं ठरवलं, १९६८ मध्ये रमीत कौशल्य जास्त आहे असं म्हटलं, आणि १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीही कौशल्यात बसवल्या. मोबाइलवरच्या रमीवाल्यांनी पुढे याच दारातून धंदा आत आणला. क्लबात समोरासमोर बसून खेळतात त्या रमीबद्दलचा निकाल, रात्री दोन वाजता अनोळखी माणसाशी साठ सेकंदांत डाव संपवणाऱ्या अ‍ॅपला लावला गेला.

२०२५ च्या केंद्राच्या कायद्याने ऑनलाइनपुरता हा कौशल्य-नशिबाचा वादच बाजूला ठेवला. त्याला दिलेली आव्हानं त्याच वर्षी सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाने वेगवेगळ्या हायकोर्टांकडून स्वतःकडे घेतली. मटका, पत्त्यांचे क्लब, यात्रेतलं सोरट मात्र अजून १८८७ मध्येच आहेत.

मुलगा ऑनलाइन खेळताना सापडला तर त्याला अटक होईल का? डॉक्टरकडे न्यायची भीती वाटते.

२०२५ चा कायदा खेळ चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैशाचे व्यवहार करून देणाऱ्याला पकडतो. खेळ चालवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरातीसाठी दोन वर्षं आणि ५० लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्याला पीडित मानलंय. डॉक्टरकडे निर्धास्त न्या.

एक सावधगिरी सांगते. मुलाने स्वतःचं बँक खातं किंवा सिमकार्ड कुणाला 'वापरायला' दिलं असेल, तर तो खेळणारा राहत नाही, साखळीतला एक होतो. कॉलेजच्या पोरांना यासाठी महिन्याला ठरावीक पैसे देतात. त्या बाबतीत आधी वकिलाशी बोला आणि खातं बंद करा.

अड्ड्यावर पत्ते खेळताना धाडीत सापडला, तर जुना कायदा लागू होतो आणि त्यात खेळणाराही आरोपी असतो. घरात मोबाइलवर खेळला तो पीडित, पारावर खेळला तो गुन्हेगार, हे मला कधीच पटलेलं नाही.

साठ वर्षं धाडी पडतायत, मटका का संपत नाही?

मटक्याची सुरुवात न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर मुंबईत लागणाऱ्या आकड्यांतून झाली. १९६० च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी त्याला आजचं रूप दिलं. तीन पत्ते निघतात, समजा ४, ६ आणि ९. बेरीज १९, शेवटचा आकडा ९, म्हणजे ओपनला नऊ आला. संध्याकाळी ओपन, रात्री क्लोज, दोन्ही मिळून जोडी. एकेरी आकड्याला रुपयाला नऊ मिळतात, जोडीला नव्वद.

आता हिशोब करा. शून्य ते नऊ असे दहा आकडे, बरोबर आला तर नऊ रुपये. जोड्या शंभर, मिळतात नव्वद. दहा टक्के आधीच गेले. हे शाळेतल्या पोरालाही कळतं, आणि तरी गवंडीकाम करणारा माणूस सकाळी चहाच्या टपरीवर दहा रुपये लावतो. कारण दहा रुपयांत संध्याकाळपर्यंत डोक्यात चालणारं एक स्वप्न मिळतं. इतक्या स्वस्तात त्याला दुसरं काय मिळतं, हे धाड घालणाऱ्याला विचारता येत नाही.

धाडीत पकडला जातो तो चिठ्ठी घेणारा. तो दुसऱ्या दिवशी जामिनावर सुटून त्याच टपरीवर असतो. पैसा वर जिथे गोळा होतो तिथवर तपास क्वचित जातो. आणि आकडा लावणाऱ्याला पकडून कुणी समुपदेशनाला पाठवलंय, असं मी तरी पाहिलेलं नाही. दारूचा नाद असलेला माणूस पोलिसांनी स्वतःहून आमच्याकडे आणल्याची उदाहरणं आहेत. मटक्यासाठी एकही नाही.

सरकार स्वतः लॉटरी विकतं. मग लोकांना कुठल्या तोंडाने सांगणार?

महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ मध्ये सुरू झाली. लोकांना मटक्यापासून आणि बेकायदा जुगारापासून दूर न्यायचं, हे त्यामागचं कारण सांगितलं गेलं. मटका तर राहिलाच. केरळने त्याआधी, १९६७ मध्ये लॉटरी काढली होती.

कागदी तिकिटाची साप्ताहिक सोडत आणि मोबाइलवरचा मिनिटामिनिटाचा डाव सारखा नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पैसे लावणं आणि निकाल यांत जितका कमी वेळ, तितका नाद जास्त लागतो. आठवडाभर थांबायला लावणारी सोडत त्या मानाने सौम्य. पण तिकिटाच्या मागे मदतीचा फोन नंबर छापायला काय हरकत आहे?

आणि तोंडाचंच म्हणाल, तर २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात सभागृहात बसलेल्या मंत्र्यांच्या मोबाइलवर पत्ते दिसले म्हणून केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. ते म्हणाले, मी खेळत नव्हतो. कृषी खातं मात्र गेलं.

गोव्यातल्या कॅसिनोंचं काय?

सावंतवाडी, कुडाळ, बेळगाव इथून येणाऱ्या घरांचा हा नेहमीचा प्रश्न. गोव्याने १९७६ च्या आपल्या कायद्यात १९९२ मध्ये बदल करून पंचतारांकित हॉटेलांत मशिनं आणली, १९९६ मध्ये जहाजांवर खेळ आणले. पणजीला मांडवीत उभी दिसतात ती हीच. १ फेब्रुवारी २०२० पासून गोंयकारांना तिथे खेळायला मनाई आहे. वयाची अट २१.

म्हणजे सरकारला धोका कळलाय. म्हापशाच्या माणसाला त्यापासून वाचवायचं, हेही कळलंय. पत्रादेवीचा नाका ओलांडून आलेल्या बांद्याच्या माणसाचं पाकीट मात्र चालतं. महाराष्ट्रानेही १९७६ मध्येच कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. जुगार नको म्हणणाऱ्या राज्याचा जुगारी शेजारच्या राज्यात जातो आणि हरून परत आपल्याच राज्यात येतो.

सिंगापूरकडे बघावंसं वाटतं ते इथे. २०१० मध्ये तिथे कॅसिनो उघडले, पण जुगाराच्या व्यसनावरची राष्ट्रीय परिषद त्याआधीच, २००५ मध्ये नेमली. सिंगापूरच्या नागरिकाला एका दिवसाच्या प्रवेशासाठी १५० सिंगापूर डॉलर भरावे लागतात. दिवाळखोर आणि सरकारी मदतीवर जगणारे यांना आपोआप बंदी असते. आणि बायको, आई, मुलगा यांपैकी कुणीही अर्ज करून आपल्या माणसाचा प्रवेश बंद करून घेऊ शकतं. त्याची सुनावणी होते, पुरावे पाहिले जातात. अशी तरतूद गोव्याने केली आणि ती महाराष्ट्र-कर्नाटकच्या कुटुंबांनाही खुली ठेवली, तर शनिवारी आमच्याकडे येणाऱ्या काही जणींना अर्ज लिहून द्यायला मी स्वतः बसेन.

कर वाढवला की जुगार कमी होतो का?

ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन जुगाराच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला. सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनो, शर्यती, सट्टा ४० टक्क्यांत गेले. हौशी माणूस महाग झालं की थांबतो. ज्याला वसुली करायची आहे तो चाळीस टक्के आधी कापून घेतले तरी बसतो, आणि हरतो लवकर. कराने आजार बरा होत नाही, हे तंबाखूवरून तरी आपल्याला कळायला हवं होतं. तिथे निदान किंमत वाढल्यावर विडी कमी ओढतात.

मला खटकतं ते हे की, हा पैसा तिजोरीत एकदा मिसळला की त्याचा वेगळा हिशोब उरत नाही. ब्रिटनने एप्रिल २०२५ पासून जुगार कंपन्यांवर स्वतंत्र सक्तीचं शुल्क लावलं. त्यातला निम्मा भाग उपचारांना, ३० टक्के प्रतिबंधाला आणि २० टक्के संशोधनाला जातो. त्याआधी कंपन्या ऐच्छिक देणगी द्यायच्या, आणि ज्याच्यामुळे आजारी पडलो त्याच्याच मेहेरबानीवर दवाखाना चालायचा. आपल्याकडे कॅसिनो, शर्यती आणि लॉटरी कायदेशीर आहेत. निदान त्यांच्या करातला ठरलेला वाटा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाकडे वळवता येईल. त्यासाठी नवा कायदासुद्धा लागू नये, इच्छा लागते.

बाहेरच्या देशांत नेमकं काय उपयोगी पडलं?

नॉर्वेने १ जुलै २००७ ला देशभरातली जुनी जुगाराची मशिनं एका दिवशी काढून टाकली. दोन वर्षांनी सरकारी कंपनीची नवी मशिनं आली, पण ती ओळखकार्डाशिवाय चालत नव्हती आणि हरण्यावर मर्यादा होती. मधल्या काळात हेल्पलाइनचे फोन घटले आणि लोक मोठ्या संख्येने दुसऱ्या जुगाराकडे वळले असं दिसलं नाही. बंदीने काहीच होत नाही म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण बघावं. बंदीनंतर नुसतं कुलूप ठेवायचं की मर्यादेचं दार करायचं, हा विचार नॉर्वेने केला.

ब्रिटनमध्ये एका मशिनवर एका डावाला १०० पौंड लावता यायचे. एप्रिल २०१९ पासून ती मर्यादा २ पौंड केली. २०२० मध्ये क्रेडिट कार्डाने जुगार खेळणं बंद केलं, ऑस्ट्रेलियाने ऑनलाइन सट्ट्यासाठी तेच जून २०२४ मध्ये केलं. उसनवारीवर जुगार नको, इतकी साधी ही कल्पना आहे.

आपल्या देशातलं तमिळनाडूचं पाऊलही माझ्या आवडीचं. तिथल्या नियमांनी रात्री बारा ते पहाटे पाच पैशाचे ऑनलाइन खेळ बंद ठेवायला लावले आणि जून २०२५ मध्ये मद्रास हायकोर्टाने ते उचलून धरलं. वरचं १ वाजून ४७ मिनिटांचं स्टेटमेंट आठवा. पहाटे पाचला माणूस झोपलेला तरी असतो किंवा भानावर तरी आलेला असतो. पुढे केंद्राच्या बंदीने हा नियम झाकला गेला, पण जिथे जुगार कायदेशीर राहील तिथे तो लावायला हरकत नाही.

स्वतःहून 'मला खेळू देऊ नका' असं सांगायची सोय आहे का?

ब्रिटनमध्ये गॅमस्टॉप आणि ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२३ पासून बेटस्टॉप आहे. एकदा नाव नोंदवलं की देशातल्या सगळ्या परवानाधारक ऑनलाइन कंपन्यांना त्या माणसाला दार बंद करावं लागतं, आणि मुदत संपेपर्यंत त्याने गयावया केली तरी उघडता येत नाही. बऱ्या क्षणी घेतलेला निर्णय वाईट क्षणी मोडता येऊ नये, एवढंच त्यात आहे. परदेशी राहणाऱ्या मराठी घरांतून विचारणा होते, त्यांच्यासाठी मुद्दाम सांगितलं.

भारतात असं राष्ट्रीय रजिस्टर नाही. तोवर जुगाड करावं लागतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे कार्डावरचे ऑनलाइन व्यवहार बंद ठेवता येतात किंवा मर्यादा ठरवता येते. पगाराचं खातं यूपीआयला न जोडलेलं ठेवा. मोबाइलमध्ये जेमतेम खर्चापुरती रक्कम असलेलं दुसरं खातं ठेवा. हे त्याच्या संमतीने करा. चोरून केलं तर तो तुमच्या चार पावलं पुढे जातो. आठ तास बसून आकड्यांशी झुंजणारं डोकं असतं ते.

उपचार कुठे मिळतात? खर्च किती?

पहिला फोन १४४१६. ही टेलिमानस, केंद्र सरकारची मोफत मानसिक आरोग्य हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालते. मराठीत बोलता येतं, नाव सांगायची सक्ती नाही. जुगाऱ्याने स्वतः केला तर उत्तम, घरच्यांनी केला तरी चालतो.

समोरासमोर हवं असेल तर जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथल्या केसपेपरला जेमतेम पैसे लागतात. अडचण वेगळीच असते: तिथल्या माणसाला दारूबद्दल सगळं माहीत असतं, जुगाराबद्दल 'इच्छाशक्ती ठेवा' सांगून पाठवतात. तेव्हा स्पष्ट सांगा की हरलेलं काढायला परत बसतो, थांबता येत नाही, कर्ज झालंय, झोप नाही. 'मोबाइल फार बघतो' असं म्हणालात तर गोष्ट तिथेच संपते.

उपचारात मुख्यतः बोलणं असतं. कुठल्या वेळी, कुठल्या भावनेत हात मोबाइलकडे जातो ते शोधायचं, 'आता माझीच पाळी' हा हिशोब कसा चुकतो ते कागदावर मांडायचं, रिकाम्या वेळेत काय करायचं ते ठरवायचं. सोबत उदासी किंवा दारू असेल तर त्याची औषधं.

एक मुद्दा कायद्याचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातल्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांचा उल्लेख आहे, जुगाराचा नाही. पण आजार ठरवताना जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणासारखे मान्य निकष वापरायचे, असंही तोच कायदा सांगतो, आणि त्या वर्गीकरणात जुगार आहे. 'हा आजारच नाही' असं कुणी काउंटरवरून म्हणालं, तर हे शांतपणे सांगा. राज्य सरकारने एक पानी परिपत्रक काढून हे सगळ्या जिल्हा रुग्णालयांना कळवलं, तर सांगायची वेळच येणार नाही.

त्याचं कर्ज आम्ही फेडून टाकावं का? एकदाच. मग तो सुधारेल म्हणतो.

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि उत्तर ऐकल्यावर आया माझ्यावर रागावतात.

पहिल्या द्यूतात सगळं हरल्यावर काय झालं होतं ते आठवा. धृतराष्ट्राने राज्य, धन, भाऊ, सगळं परत दिलं. पांडव निघालेसुद्धा. वाटेत परत बोलावणं आलं आणि धर्मराज पुन्हा पटावर येऊन बसला. वनवास झाला तो त्या दुसऱ्या डावामुळे. फिटलेलं कर्ज जुगाऱ्याच्या डोक्यात फिटलेलं नसतं, मोकळी झालेली पत असते.

म्हणून आधी उपचार सुरू होऊ द्या. मग सगळी देणी एका वहीत लिहा, त्याच्याच हाताने. कुणाचं, किती, व्याज काय, कागद काय. पहिल्या दिवशी सांगितलेला आकडा निम्माच असतो, दोन-तीन बैठकांत खरा बाहेर येतो. पैसे थेट ज्याचं देणं आहे त्याला द्या, मुलाच्या हातात नको. आणि जमीन विकायची घाई करू नका. एका घरात बापाने अर्धा एकर विकून साडेचार लाख पोराच्या खात्यावर टाकले. अकरा दिवस पुरले.

सावकार दारात येतोय. बुकी म्हणतो पैसे दे नाहीतर बघून घेतो.

बुकीची बाकी कायद्याने देणं नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो, जिंकलेल्या रकमेसाठी कोर्टात दावा लावता येत नाही. तो धमकी देत असेल तर तो गुन्हा आहे, तक्रार द्या.

सावकाराकडे परवाना आहे का, ते विचारा. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा, २०१४ प्रमाणे विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायची. तालुक्याला सहायक निबंधकांचं कार्यालय असतं, तिथूनही सुरुवात होते. सावकाराने कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल, तर तक्रारीच्या मागच्या १५ वर्षांतल्या अशा व्यवहाराची चौकशी होऊन ती परत मिळू शकते. कोऱ्या चेकचा फोटो, फोनवरचे मेसेज, साक्षीदार, जे असेल ते जपून ठेवा.

कर्जाच्या अ‍ॅपवाल्यांनी नातेवाइकांना फोटो पाठवायची धमकी दिली तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला फोन करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला तुमचे कॉन्टॅक्ट आणि फोटो उघडायची परवानगीच नाही.

तो म्हणतो, आता जगून काय करू.

ही धमकी समजू नका. सगळं उघडं पडतं त्या आठवड्यात धोका सर्वात जास्त असतो. एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवा, १४४१६ ला फोन लावून स्पीकरवर ठेवा, आणि त्याच दिवशी जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. प्रयत्न झालाच असेल, तर पोलिस केस होईल म्हणून दवाखाना टाळू नका. २०१७ चा कायदा अशा माणसाला तीव्र ताणाखालचा मानतो आणि त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. पैशाचं बोलणं त्या दिवशी नको. शिव्या नंतर द्या.

ग्रामपंचायत काही करू शकते का?

ठराव करून बोर्ड लावतात, त्याने फार होत नाही. यात्रेच्या परवानगीत सोरट आणि काळा-पिवळा नको ही अट घालणं आणि ती पाळली जाते का हे सरपंचाने स्वतः फिरून बघणं, एवढं एका गावाने केलं तरी दहा-पंधरा घरांची यात्रा सुखाची जाते. आशाताईंना दोन तासांचं प्रशिक्षण द्यावं, कारण घरात काय बिनसलंय ते सगळ्यात आधी त्यांना कळतं.

वडील बहात्तर वर्षांचे आहेत. आयुष्यात कधी पत्ता हातात धरला नाही. कंपवाताच्या गोळ्या सुरू झाल्यापासून लॉटरीची तिकिटं गठ्ठ्याने आणतात. वय झालं म्हणून असं होतं का?

वय नाही. कंपवातावरच्या काही गोळ्यांनी, प्रॅमिपेक्सॉल आणि रोपिनिरोल त्यांपैकी, काही रुग्णांना जुगाराची, खरेदीची किंवा खाण्याची अनावर ओढ लागते. हा औषधाचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. गोळी स्वतःहून बंद करू नका, एकदम थांबवणं धोक्याचं असतं. ज्या न्यूरोलॉजिस्टने लिहून दिली त्यांना तिकिटांचा गठ्ठा आणि तारखा दाखवा, ते डोस बदलतील. आणि वडिलांवर ओरडला असाल, तर घरी गेल्यावर त्यांना हे समजावून सांगा. आमच्याकडे आलेले असे एक आजोबा महिनाभर देवळात जाऊन स्वतःला दोष देत बसले होते.